वरच्या मजल्यावर न उघडणारी वही

व्यापारी घरातली वही पूर्वी पेढीवर, गादीच्या उजव्या हाताला, लाल कापडात बांधलेली असे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिची पूजा होई आणि एरवी ती पेढीचा उंबरठा सहसा ओलांडत नसे. आता वही संगणकात गेली आहे आणि पुष्कळ घरांत संगणकही दोन झाले आहेत. एक खाली पेढीवर, दुसरा वर घरात. दिवसाची आवक-जावक खाली नोंदवली जाते. कराचे, बँकेचे आणि घरखर्चाचे काम संध्याकाळनंतर वर होते. दोन्ही ठिकाणी एकच वही उघडावी म्हणून खालच्या संगणकातील एक फोल्डर सामायिक केलेले असते. ते चालू असते तोवर कोणाच्या ध्यानातही नसते. ज्या दिवशी ते उघडत नाही, त्या दिवशी मात्र साऱ्या घराला ते कळते.

सांगलीच्या हळदपेठेतील अशाच एका अडत पेढीचे घर येथे डोळ्यांसमोर आणावे. खाली पेढी, वर बिऱ्हाड. पेढीवर अण्णा आणि गेली कित्येक वर्षे त्यांच्या शेजारी बसणारे दिवाणजी. थोरला मुलगा बाजार आवारात सौद्यांना उभा असतो. थोरली सून वाणिज्य शाखेची पदवीधर; मासिक विवरणपत्रांचे काम तिच्याकडे आहे. खालच्या संगणकावर ‘हिशेब’ नावाचे फोल्डर आहे. रोजकीर्द, खतावणी, शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या, हमाली-तोलाईचे तक्ते असे सारे त्यात.

एका महिन्याच्या १७ तारखेला या घरात दोन गोष्टी एकदम बदलल्या. इंटरनेट पुरवणाऱ्याच्या माणसाने जुना राऊटर काढून नवा बसवला, आणि त्याच दिवशी सूनबाईंचा जुना लॅपटॉप जाऊन विंडोज ११ चा नवा आला. जुन्या लॅपटॉपवर ‘हिशेब’ एका टिचकीसरशी उघडत असे. नव्यावर संगणकाने सांगितले की नेटवर्कवरील हा मार्ग सापडत नाही. खाली चुकीचा क्रमांकही होता: शून्य-एक्स-८००७००३५. विवरणपत्र भरण्याची मुदत २० तारखेची.

बिघाड तांत्रिक होता, पण घरात तो तसा राहिला नाही. दोनच दिवसांपूर्वी जेवताना अण्णा सहज म्हणाले होते, “पेढीचे आकडे पेढीवरच असलेले बरे.” बोलणे कशावरून निघाले ते कोणाला आठवत नव्हते, वाक्य मात्र सूनबाईंच्या मनात राहिले होते. त्या रात्री त्यांनी पतीला विचारले, “अण्णांनी मला हिशेब दिसू नये असं काही सांगितलंय का दिवाणजींना?”

“अगं, अण्णांना माउस धरता येत नाही, ते काय बंद करणार?”

“अण्णांना येत नाही. दिवाणजींना येतो.”

संयुक्त कुटुंबात न उघडणाऱ्या फोल्डरला असा अर्थ चिकटायला वेळ लागत नाही. म्हणून अशा वेळी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे माहीत असणे केवळ सोयीचे नाही, घरातल्या माणसांच्या दृष्टीनेही गरजेचे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याला फोन झाला. तो पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. त्याचा सल्ला तत्काळ आला: “मामा, खालच्या मशीनची फायरवॉल बंद करून टाका, फोल्डरला ‘एव्हरीवन’ लावून ‘फुल कंट्रोल’ द्या, आणि तरीही नाही चाललं तर एसएमबी-वन चालू करा.” हा सल्ला घरोघरी मिळतो आणि कधी कधी त्याने फोल्डर उघडतेही. पण तो मानू नये. एसएमबी हा विंडोज संगणकांचा फायली देण्याघेण्याचा करार आहे. त्याच्या पहिल्या, फार जुन्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. एका संगणकातून शेजारच्या संगणकात तो आपणहून जाई, फायली कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी पैसे मागे. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांनी किंमत मोजली. त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत एसएमबी-वन मुळातच बसवलेले नसते. जे दार बनवणाऱ्यानेच भिंतीत चिणले, ते खतावणी उघडण्यासाठी फोडण्यात शहाणपण नाही. पेढीचा माल उतरवायला सोपे जावे म्हणून कोणी मागची भिंत पाडत नाही.

सूनबाईंनी सल्ला ऐकून घेतला आणि बाजूला ठेवला. त्या वर बसल्या, दिवाणजी खाली बसले, मध्ये फोन चालू राहिला.

अशा तपासात एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. संगणक नकार देतो तेव्हा तो प्रत्येक वेळी एकच नकार देत नाही. ‘मार्ग सापडत नाही’ म्हणजे घरच सापडले नाही. नाव व पासवर्ड मागितला, किंवा पाहुण्यास प्रवेश नाही असे सांगितले, तर घर सापडले, पण ओळख पटलेली नाही. ‘परवानगी नाही’ म्हणजे ओळख पटली, आतही घेतले, मात्र हे कपाट तुमच्यासाठी नाही. संदेश बदलला की पुष्कळ जण वैतागतात, एक दुखणे गेले आणि दुसरे आले असे समजतात. वास्तविक संदेश बदलणे ही प्रगतीची खूण असते. एक दार मागे पडले एवढाच त्याचा अर्थ.

पहिला प्रश्न साधा, जवळजवळ हास्यास्पद: खालचा संगणक जागा आहे काय? दुपारी दिवाणजी जेवायला गेले की संगणक निद्रेत जातो, आणि निद्रिस्त संगणक कोणाला काही देत नाही. पॉवरच्या सेटिंगमध्ये वीजजोडणी असताना निद्रेची वेळ ‘कधीही नाही’ अशी ठेवावी. पडदा खुशाल काळा होऊ द्यावा. या घरात संगणक जागा होता.

दुसरा प्रश्न, दोन्ही संगणक एकाच जाळ्यात आहेत काय? इंटरनेट दोन्हीकडे चालते, म्हणून ते एकाच जाळ्यात आहेत असे बहुतेक जण गृहीत धरतात. ते खरे असेलच असे नाही. दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द टंकून ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’ या ओळीसमोरचा पत्ता पाहावा. दिवाणजींनी चष्मा सावरत वाचला: १९२.१६८.१.१०. वर निघाला १९२.१६८.१०.२३. घरगुती राऊटरवर साधारणतः पहिले तीन आकडे जुळावे लागतात आणि फक्त शेवटचा वेगळा असतो. येथे तिसराच आकडा निराळा होता.

कारण लगेच उमगले. राऊटर बसवणाऱ्या माणसाने वाय-फायची दोन नावे दिली होती, एक मुख्य आणि एक पाहुण्यांसाठीचे. वरच्या मजल्यावर त्याने सांगितले ते दुसरेच. पाहुण्यांच्या वाय-फायचे कामच असे की आलेल्या माणसाला इंटरनेट मिळावे, घरातील संगणक मात्र दिसू नयेत. राऊटर आपले काम चोख करत होता. घरच्या सुनेला तो पाहुणी समजत होता इतकेच. काही राऊटरवर पाहुण्यांचे पत्ते मुख्य जाळ्यासारखेच दिसतात आणि तरीही अडवणूक असते, म्हणून पत्त्यांबरोबर वाय-फायचे नावही वाचावे. जिथे वरच्या मजल्यासाठी दुसरा राऊटर जोडलेला असतो तिथेही असेच होऊ शकते: तो स्वतःचे वेगळे जाळे उभे करतो. अशा वेळी त्याला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणून चालवावे लागते.

सूनबाईंनी मुख्य नावाने वाय-फाय जोडले. पत्ता जुळला. फोल्डर उघडले नाही. संदेश तोच.

आता तिसरी तपासणी, आणि बहुतेक घरांत घोडे इथेच अडते. विंडोज प्रत्येक जाळ्याला दोनांपैकी एक दर्जा देते, ‘प्रायव्हेट’ किंवा ‘पब्लिक’. पहिला घरच्यासाठी, दुसरा रेल्वे स्थानक वा उपाहारगृहासारख्या ठिकाणांसाठी. सार्वजनिक दर्जा असला की संगणक स्वतःला लपवतो आणि फायरवॉल बाहेरून आलेली फोल्डरची मागणी परत पाठवते. राऊटर बदलला की विंडोजच्या लेखी ते नवे, अनोळखी जाळे ठरते. घर तेच असले तरी. विंडोज १० अशा वेळी एक प्रश्न विचारते: या जाळ्यावरील इतर संगणकांना तुमचा संगणक दिसू द्यायचा का? ‘नाही’ म्हटले की सार्वजनिक दर्जा लागतो.

“दिवाणजी, राऊटर बदलला तेव्हा पडद्यावर काही विचारलं होतं का?”

खालून थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग दिवाणजी म्हणाले, “विचारलं होतं, वहिनी. इतरांना दिसू द्यायचं का, म्हणून. मी म्हटलं, पेढीचा संगणक इतरांना कशाला दिसायला हवा? ‘नाही’ दाबलं.”

त्यांचे काही चुकले नव्हते. आयुष्यभर पेढीची गोष्ट बाहेर न जाऊ देणाऱ्या माणसाने दुसरे उत्तर द्यावे तरी कसे! ‘इतर’ या शब्दात वरच्या मजल्यावरची सून मोडते, हे प्रश्न विचारणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

दुरुस्ती दोन मिनिटांची. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडावे, जोडणीच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जावे आणि ‘प्रायव्हेट’ निवडावे. खालच्या संगणकावर हे अत्यावश्यक आहे, कारण देणारा तो आहे. वरच्यावरही करून ठेवावे. नव्या विंडोज ११ मध्ये नवीन जाळ्याला बहुधा सार्वजनिक दर्जाच आधी लागतो. त्यानंतर ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ हे दोन्ही चालू आहेत याची खात्री करावी. विंडोज १० मध्ये ही सेटिंग्ज कंट्रोल पॅनेलच्या ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मध्ये असतात, विंडोज ११ मध्ये सेटिंग्जच्याच आत. बाहेरून विकत घेतलेले विषाणूरोधक असेल तर त्याची स्वतंत्र फायरवॉल असू शकते आणि तिच्यातही घरच्या जाळ्याला विश्वासार्ह म्हणून नोंदवावे लागते. फायरवॉल पूर्ण बंद करण्याची वेळ कुठेच येत नाही.

पुन्हा प्रयत्न झाला. या वेळी सूनबाईंनी यादीत शोधत बसण्याऐवजी फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन खालच्या संगणकाचे नाव थेट टंकले. ही सवय चांगली. ‘नेटवर्क’च्या यादीत संगणक दिसत नाही म्हणून तो पोचण्यापलीकडे आहे असे ठरत नाही; यादी तयार करणारी सेवा वेगळी आणि फायली देणारी वेगळी. यादीतही नाव दिसायला हवे असेल तर खालच्या संगणकाच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा आपोआप सुरू होईल अशी ठेवावी. नावाने न उघडल्यास आकडी पत्त्याने करून पाहावे. पत्त्याने उघडले आणि नावाने उघडले नाही, तर दोष नावाच्या शोधात आहे, वाटेत नाही.

संदेश बदलला. आता पडद्यावर जे आले त्याचा मराठीत अर्थ असा होता की, तुमच्या संस्थेच्या सुरक्षा-धोरणानुसार ओळख न पटलेल्या पाहुण्यास प्रवेश बंद आहे, म्हणून हे फोल्डर तुम्हाला उघडता येणार नाही.

सूनबाई बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिल्या. संस्था म्हणजे कोण? या घरात धोरण ठरवणारे एकच. आणि पाहुणा हा शब्द दुसऱ्यांदा आला होता.

हा संदेश कार्यालयांसाठी लिहिलेला आहे आणि घरगुती संगणकावर तो जसाच्या तसा उमटतो. त्यात संस्थाही नसते आणि धोरणही कोणी ठरवलेले नसते. अर्थ इतकाच: खालचा संगणक येणाऱ्याला नाव न विचारता आत घ्यायला तयार आहे, परंतु वरचा संगणक असे निनावी जाण्यास नकार देतो. नकार वरच्याचा आहे, खालच्याचा नाही. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून ‘प्रो’ प्रकारातही ही निनावी वाट मुळातच बंद ठेवलेली आहे. कारण उघड आहे. जिथे कोणी नाव विचारत नाही, तिथे आपण खऱ्या पेढीत शिरलो की तिचे सोंग घेतलेल्या दुसऱ्याच संगणकात, हेही पडताळता येत नाही.

जुन्या लॅपटॉपवर हे चालत होते, कारण खालच्या संगणकावर ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद ठेवलेले होते आणि अण्णांच्या खात्याला पासवर्डच नव्हता. विंडोज ७ बरोबर २००९ मध्ये ‘होमग्रुप’ नावाची सोय आली होती. एकच सामायिक पासवर्ड घातला की घरातले संगणक एकमेकांना ओळखत. विंडोज १० च्या २०१८ मधील १८०३ या आवृत्तीत ती काढून टाकली गेली. त्यानंतर पुष्कळ घरांनी सगळी कुलपे काढून ठेवण्याचा सोपा मार्ग पत्करला. या घरानेही तेच केले होते.

योग्य उपाय म्हणजे ओळख निर्माण करणे. इथे तीन गैरसमज आडवे येतात. पहिला, वरच्या लॅपटॉपचा पासवर्ड चालेल असे वाटते. तो चालत नाही. दार ज्याचे, ओळख त्याच्या दप्तरी हवी, म्हणून नाव आणि पासवर्ड खालच्या संगणकावरील खात्याचेच लागतात. दुसरा पिनचा. संगणक उघडताना चार-सहा आकड्यांचा पिन टाकण्याची सवय झालेली असते आणि माणूस तोच इथेही टाकतो. पिन हा त्या एका यंत्रापुरता असतो, जाळ्यावरून तो कधीच चालत नाही. तिसरा, खात्याला पासवर्ड नसेल तर रकाना रिकामा सोडावा असे वाटते. पण पासवर्ड नसलेल्या स्थानिक खात्याने विंडोज जाळ्यावरून कोणालाही आत घेत नाही. त्या खात्याने फक्त यंत्रासमोर बसूनच काम करता येते.

सूनबाईंनी खाली उतरून अण्णांना हे सांगितले. संगणकाला पासवर्ड लावावा लागेल, हे ऐकून अण्णा जरा दुखावल्यासारखे झाले. “घरातल्या घरात कुलूप?”

“अण्णा, तुमचं खातं तसंच राहू द्या. माझ्यासाठी एक निराळं खातं उघडायचं. त्याला पासवर्ड.”

“म्हणजे कोणी काय उघडलं ते कळेल?”

“कोणी काय उघडावं ते ठरवता येईल.”

यावर अण्णा थोडे थांबले, आणि मग जे बोलले त्यातून त्या जेवणाच्या वेळच्या वाक्याचा उलगडा झाला. ‘हिशेब’मध्येच एका कोपऱ्यात ‘हातउसने’ नावाचे फोल्डर होते. दोन्हीकडच्या नात्यागोत्यांतल्या लोकांनी अडचणीत नेलेल्या रकमा त्यात लिहिलेल्या होत्या. काही परत आलेल्या, काही न आलेल्या. घरातल्या कोणाच्याच नजरेस ती नावे पडू नयेत, असे अण्णांना वाटत होते. सुनेच्याच नव्हे, मुलाच्याही. “नेणाऱ्याची मान घरात खाली जाता कामा नये,” ते म्हणाले. इतकी वर्षे ते फोल्डर घरातील कोणालाही उघडता येण्याजोगे होते, हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळले.

त्यानंतरचे काम दोघांनी मिळून केले. खालच्या विंडोज १० वर सेटिंग्जमधील ‘अकाउंट्स’मध्ये ‘फॅमिली अँड अदर यूजर्स’ उघडून नवीन व्यक्ती जोडायची; ईमेल मागितला की ‘या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही’ असे निवडायचे आणि पुढे ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय’ हा पर्याय घ्यायचा. अशा रीतीने स्थानिक खाते तयार होते. नाव रोमन अक्षरांत, लहान, मध्ये जागा न सोडता, पासवर्ड लांब. मग ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ चालू केले.

परवानग्या दोन ठिकाणी असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि म्हणून अर्धा दिवस वाया जातो. फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘शेअरिंग’ हा एक भाग आणि ‘सिक्युरिटी’ हा दुसरा. पहिला पेढीच्या दारासारखा, दुसरा आतल्या तिजोरीसारखा. जाळ्यावरून येणाऱ्याला दोन्ही लागू होतात आणि दोहोंपैकी जी परवानगी अधिक कडक, तीच खरी ठरते. दारावर सर्वाधिकार आणि तिजोरीवर नाव नाही, तर हाती काही लागत नाही. सूनबाईंच्या खात्याला ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग’मधील ‘परमिशन्स’ येथे ‘चेंज’ आणि ‘सिक्युरिटी’मध्ये ‘मॉडिफाय’ दिले. ‘एव्हरीवन’ काढून टाकले. दिवाणजी त्याच यंत्रासमोर बसतात, त्यांना दाराची परवानगी लागतच नाही. ‘हातउसने’ मात्र ‘हिशेब’मधून उचलून अण्णांच्या स्वतःच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये हलवले. सामायिक फोल्डरच्या आत गुप्त फोल्डर ठेवून त्यावर नकाराच्या खुणा करत बसण्यापेक्षा ते बाहेर नेणे सोपे आणि सुरक्षित. पण ते खरोखर खाजगी राहायचे तर समोर बसणाऱ्यापासूनही राखायला हवे. तेव्हा दिवाणजींसाठी साध्या अधिकाराचे निराळे खाते उघडले गेले आणि शेवटी अण्णांच्या स्वतःच्या खात्यालाही पासवर्ड लागला. तो अण्णांनी स्वतः टंकला, एकेक अक्षर शोधून.

वर येऊन सूनबाईंनी ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ उघडले, एक अक्षर निवडले, ‘निराळ्या ओळखीने जोडा’ या चौकटीत खूण केली. नाव लिहिताना आधी खालच्या संगणकाचे नाव, मग तिरपी रेघ, मग खात्याचे नाव, असे पूर्ण लिहावे. नुसते खात्याचे नाव लिहिले तर वरचा संगणक कधी कधी ते आपलेच समजतो. तरीही नकार आला: एकाच वापरकर्त्याला एकाच संगणकाशी दोन नावांनी जोडता येत नाही. सकाळपासूनच्या धडपडीतली जुनी अर्धवट जोडणी तशीच राहिली होती. अशा वेळी कंट्रोल पॅनेलमधील ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ उघडून ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’खालची त्या संगणकाची जुनी नोंद काढावी आणि लॅपटॉप एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा.

सुरू केला. ‘हिशेब’ उघडले.

चालू वर्षाची रोजकीर्द दिसली, खतावणी दिसली. मागील वर्षाच्या काही पट्ट्या मात्र ‘परवानगी नाही’ म्हणत अडून राहिल्या. त्या पूर्वी कधीतरी अण्णांच्या डेस्कटॉपवरून उचलून त्याच ड्राइव्हवरील ‘हिशेब’मध्ये हलवलेल्या होत्या. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल आपल्या जुन्या परवानग्या बरोबर घेऊन येऊ शकते. नक्कल केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. खालच्या संगणकावर ‘सिक्युरिटी’तील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन आतल्या सर्व फायलींना वरच्या फोल्डरच्या परवानग्या लागू करण्याच्या चौकटीत खूण केली. पट्ट्या उघडल्या.

पुढे पुन्हा अडू नये म्हणून दोन-तीन गोष्टी कराव्यात. संगणकाला नावानेच हाक मारावी, आकडी पत्ता राऊटर कधीही बदलू शकतो. पत्ताच वापरायचा असेल तर राऊटरमध्ये तो त्या यंत्रासाठी राखून ठेवावा. दोघांनी एकच तक्ता एकाच वेळी उघडला तर दुसऱ्याला तो फक्त वाचायला मिळतो, हा बिघाड नव्हे. हिशेबाच्या प्रोग्रामचे मात्र निराळे आहे. त्याचा डेटा वाय-फायवरून दोन ठिकाणांहून लिहायचा असेल तर त्या प्रोग्रामची अनेकांनी वापरायची परवाना-आवृत्ती घ्यावी आणि शक्य तर वरच्या मजल्यापर्यंत तार ओढावी. लिहिता लिहिता जोडणी तुटली तर डेटा खराब होण्याचा धोका असतो. सामायिक फोल्डर म्हणजे राखीव प्रत नव्हे, हेही व्यापाऱ्याने विसरू नये. वरून पुसलेली फाइल खालच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती तशीच नाहीशी होते. रोजची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काम झाले की काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्क विषाणूलाही जोडलेलीच असते. आणि पेढीवर अजून विंडोज १० असेल तर तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, याची दखल घेऊन संगणक बदलण्याचा विचार लांबवू नये. ज्या यंत्रात साऱ्या घराची खतावणी आहे तेच सर्वांत जुने, असे चित्र व्यापारी घरांत फार दिसते.

दोन बदल एकाच दिवशी करू नयेत, हेही या घराला पुरते कळले. राऊटर एका आठवड्यात आणि लॅपटॉप दुसऱ्या आठवड्यात आला असता, तर कोणता नकार कशामुळे हे तासाभरात समजले असते.

विवरणपत्र १९ तारखेच्या दुपारीच भरून झाले. संध्याकाळी अण्णा दिवाणजींना म्हणाले, “सूनबाईंना विचारून घ्या, आणखी कोणत्या वह्या वर लागतात त्या.” नव्या खात्याचा पासवर्ड अण्णांनी विसरू नये म्हणून एका चिठ्ठीवर लिहून गल्ल्याच्या काचेखाली, येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसेल असा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी पेढी उघडताच दिवाणजींनी तो काही न बोलता काढला, घडी केली आणि तिजोरीत ठेवला.